सह्याद्रीतल्या गावाने आंतरराष्ट्रीय करारांचा उपयोग कसा करावा

१ जुलै २०१२ रोजी पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यांपैकी चार महाराष्ट्रात आहेत. कास पठार आणि कोयना अभयारण्य ही दोन सातारा जिल्ह्यात येतात, चांदोली राष्ट्रीय उद्यान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर पसरले आहे, आणि राधानगरी अभयारण्य कोल्हापूर जिल्ह्यात आहे. जंगले आणि त्यांतील जीवसृष्टी वाचवण्यासाठी जगातील देशांनी जे करार केले, त्यांच्या अंमलबजावणीची जागा अशा रीतीने आपल्याच डोंगरावर आहे. तरीही जावळी, पाटण किंवा शिराळा तालुक्यात हा विषय काढला की तो दिल्लीचा आणि परदेशाचा समजून बाजूला ठेवला जातो. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, वैदू, बचत गटातील महिला आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी या करारांचा गावासाठी प्रत्यक्ष वापर कसा करावा, हे पुढे सांगितले आहे. सगळ्या मार्गदर्शनाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आंतरराष्ट्रीय व्यवस्थेला फक्त लिहिलेले, तारीख असलेले आणि ज्याची पोच घेतली आहे तेवढेच दिसते.

करार गावापर्यंत येतो कसा

१९९२ साली रिओ दी जानेरो येथे जैवविविधता करार खुला झाला आणि १९९४ साली भारत त्याचा सदस्य झाला. आपापल्या जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे हे या कराराने मान्य केले आणि तीन उद्दिष्टे ठरवली: संवर्धन, शाश्वत वापर, आणि वापरातून होणाऱ्या लाभाचे न्याय्य वाटप. त्याच्या पूर्ततेसाठी आपण २००२ साली जैविक विविधता कायदा केला. लाभवाटपाचे नियम पक्के करणारा नागोया प्रोटोकॉल २०१० साली झाला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये याच जैवविविधता कराराखाली झालेल्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात २३ लक्ष्ये ठरली. त्यांतील तिसरे लक्ष्य असे की, २०३० पर्यंत पृथ्वीवरील किमान ३० टक्के जमीन, गोडे पाणी आणि समुद्र यांचे परिणामकारक संवर्धन व्हावे.

गावाच्या दृष्टीने या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे २००२ च्या कायद्याचे कलम ४१. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावी, असे ते सांगते. गावाच्या हद्दीतील जैविक संपत्ती आणि तिच्याविषयीचे ज्ञान यांच्या वापराबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने या समितीशी विचारविनिमय केला पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. व्यापारी हेतूने कोणी गावातून वनस्पती गोळा करत असेल, तर त्याच्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही या समितीला आहे. एवढा अधिकार असूनही तो वापरला जात नाही, ही मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत खेदाची बाब वाटते.

लेखी नोंदीचे मोल काय असते, हे सांगलीच्या बाजारपेठेला जवळच्या असलेल्या एका पिकाने जगाला दाखवून दिले आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आपल्याकडे प्रत्येक घरात कापलेल्या बोटावर हळद दाबतात, परंतु हे सर्वांना ठाऊक आहे एवढे सांगून तेथे भागले नाही. संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक लेख, असे छापील पुरावे पुढे ठेवावे लागले. हळदीविषयी ग्रंथ सापडले. जावळीच्या खोऱ्यातील एखाद्या कंदाविषयी एखाद्या आजीला जे माहीत आहे, ते कोणत्याही ग्रंथात नाही, आणि ते लिहून ठेवण्याची जागा म्हणजे याच समितीने ठेवायची गावाची लोक जैवविविधता नोंदवही.

आधी जुनी नोंदवही मागा

नवी समिती काढण्याच्या तयारीला लागण्यापूर्वी ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन दोन गोष्टी मागाव्यात: समिती स्थापनेचा ठराव आणि नोंदवहीची प्रत. बहुतेक गावांत दोन्ही कागदोपत्री असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. त्यामुळे देशभर थोड्या महिन्यांत लाखो नोंदवह्या तयार झाल्या. घाईत झालेल्या कामाचे दोष त्यांत उतरले आहेत. शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली आढळते, ज्या डोंगरावर सड्याची, म्हणजे खडकाळ पठाराची, खास फुले आहेत तेथे फक्त आंबा, वड आणि कडुनिंब नोंदलेले असतात, आणि माहिती देणाऱ्याचे नाव कोठेच नसते.

प्रत सहज मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. प्रत हातात आली की समितीत कोणाची नावे आहेत ते पाहावे. आपण सदस्य आहोत हेच माहीत नसलेली माणसे यादीत आढळल्यास नवल वाटून घेऊ नये. त्यांच्यावर रागावण्यापेक्षा त्यांना बैठकीला बोलवावे. जैविक विविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार समितीत किमान ७ आणि जास्तीत जास्त ११ सदस्य असतात. पुनर्रचनेची वेळ आली, तर ग्रामसभेत रीतसर ठराव मांडून गुराखी, वैदू, मध काढणारा, बियाणे राखणारी शेतकरी महिला आणि वनस्पतिशास्त्र जाणणारा एखादा शिक्षक अशांची नावे आग्रहाने सुचवावीत. डोंगर ज्यांच्या रोजच्या पायाखाली आहे, त्यांच्याशिवाय ही समिती केवळ सह्या करणारी समिती राहते. ठरावाची प्रत नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला पाठवावी आणि ग्रामपंचायतीच्या जावक नोंदवहीतील क्रमांक आपल्याजवळ लिहून ठेवावा.

नोंदीचे एक पान

नोंद कशी असावी हे एका झाडाच्या उदाहरणाने सांगतो. पाटण आणि जावळीच्या जंगलात नरक्या नावाचे लहान झाड आढळते. त्याची पाने फांदीच्या टोकाकडे दाटलेली असतात आणि फुलांना उग्र, नकोसा वास येतो. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य मिळते. ते १९६६ साली प्रथम एका चिनी झाडात सापडले आणि १९७२ साली भारतीय संशोधकांना आपल्या नरक्यातही आढळले. कर्करोगावरील टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे याच द्रव्यापासून बनतात, म्हणून नरक्याला परदेशात मागणी आहे आणि म्हणूनच त्याची चोरटी तोड होते. साल आणि मूळ काढले की झाड संपते. सह्याद्रीच्या दक्षिण पट्ट्यात वन विभागाने नरक्याचे साठे वेळोवेळी पकडले आहेत.

‘नरक्या, औषधी झाड, जंगलात आढळते’ अशी नोंद असेल, तर तिचा कोणालाही उपयोग नाही. उपयोगी नोंदीत सर्वप्रथम स्थानिक नाव जसे उच्चारतात तसे लिहावे आणि एकाच गावातील दोन वाड्यांत नावे वेगळी असतील तर दोन्ही द्यावीत. शास्त्रीय नाव महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून पक्के करून घ्यावे. त्यानंतर ठिकाण येते: गट नंबर किंवा वन कक्ष क्रमांक, ओढ्याच्या कोणत्या अंगाला, साधारण किती मोठी झाडे आणि किती रोपे. फुले आणि फळे कोणत्या महिन्यात दिसली ते पंचांगातील महिन्याने लिहिले तरी चालते, मात्र सोबत तारीख द्यावी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे झाड अधिक होते की कमी, हे दोन जाणत्या माणसांना स्वतंत्रपणे विचारून दोघांची उत्तरे लिहावीत, आणि ती जुळली नाहीत तरी दोन्ही तशीच राहू द्यावीत. गोळा करायला कोण येते, कोणता भाग नेते, काय भाव देते आणि माल कोठे जातो, हा रकाना बहुतेक नोंदवह्यांत रिकामा असतो. परंतु पुढे लाभवाटपाचा दावा उभा राहिला, तर त्याचा आधार हाच रकाना असतो. शेवटी माहिती देणाऱ्याची संमती आणि सही किंवा अंगठा घ्यावा.

गुप्ततेचा मुद्दा येथेच येतो. वैदूने सांगितलेली कृती आणि मौल्यवान झाडांची नेमकी ठिकाणे वेगळ्या, मोहोरबंद भागात ठेवावीत, आणि तो भाग कोणाला दाखवायचा हे समितीच्या लेखी निर्णयाने ठरावे. एखादा संशोधक किंवा कंपनीचा माणूस नमुने मागायला आला, तर त्याला नकार देण्याची घाई करू नये आणि होकार तर तोंडी कधीच देऊ नये. परदेशी व्यक्तीला किंवा कंपनीला चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, तर व्यापारी वापर करणाऱ्या भारतीय कंपनीला राज्य मंडळाला आधी कळवावे लागते. ते पत्र पाहायला मागावे आणि त्याचा क्रमांक समितीच्या नोंदीत घ्यावा.

सड्यावरील फुले आणि जगाची नोंद

कासच्या सड्यावर पावसाळ्यात उथळ पाणी साचते आणि त्या डबक्यांत वायतुरा उगवतो. त्याचा दोन फाट्यांचा गुलाबीसर तुरा पाण्याबाहेर डोकावतो, आणि त्याच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव आहे. अशा प्रदेशनिष्ठ वनस्पती जगात अन्यत्र नाहीत. म्हणून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीत त्यांचे स्थान ठरवताना, त्या नेमक्या किती ठिकाणी उरल्या आहेत हा प्रश्न निर्णायक ठरतो, आणि त्याचे उत्तर देणाऱ्या नोंदी आपणच पुरवू शकतो.

यासाठी आय-नॅचरलिस्ट हे मोफत ॲप पुरेसे आहे. फुलाचे, पानाच्या दोन्ही बाजूंचे, पूर्ण झाडाचे आणि आजूबाजूच्या जागेचे अशी चार-पाच छायाचित्रे काढावीत, एकात मापासाठी नाणे ठेवावे, आणि काहीही तोडू नये. तारीख, ठिकाण आणि छायाचित्र असलेल्या नोंदीवर ओळख करणाऱ्यांचे दोन-तृतीयांशाहून अधिक एकमत झाले, की ती संशोधनयोग्य ठरते. योग्य परवाना निवडलेला असल्यास ती तेथून जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसंग्रहात जाते आणि जगातील कोणताही अभ्यासक ती वापरू शकतो. मात्र कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती आणि आमरी (ऑर्किड) यांच्या बाबतीत ठिकाण ‘धूसर’ करण्याचा पर्याय नोंद चढवण्यापूर्वीच निवडावा. संग्रहाच्या नादाने कंद उपटून नेणारेही तीच माहिती वाचत असतात.

माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यातील वाचकांनी हा विषय डोंगराचा म्हणून सोडू नये. मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात आणि त्यांचा मार्ग मध्य आशियाई उड्डाणमार्ग या नावाने ३० देशांत पसरला आहे. स्थलांतरित प्रजातींविषयीचा बॉन करार १९७९ चा आहे, आणि त्याची तेरावी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला झाली होती. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्यावा. गळ्यात रंगीत पट्टी किंवा पायात कडे असलेला पक्षी दिसला, तर रंग, अक्षरे आणि अंक टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे.

वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराबाबत थोडक्यात सांगतो. १८० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत, आणि आपल्या सह्याद्रीत आढळणारे खवले मांजर त्याच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्णपणे बंद आहे. गावात कोणी खवल्यांची चौकशी करताना आढळले, तर स्वतः भांडण न काढता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

वारसा स्थळाला धोका दिसला तर

जागतिक वारसा यादीत नाव गेले म्हणून सातबाऱ्यावरील मालकी बदलत नाही, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. या भीतीपोटी अनेक गावांचा विरोध झाला आणि तो समजण्यासारखा होता, कारण कोयनेच्या खोऱ्याने विस्थापन सोसलेले आहे. निर्बंध येतात ते १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा किंवा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचना अशा भारतीय तरतुदींमुळे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून अशा क्षेत्रात आहे. पश्चिम घाटासाठीचा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकतींसाठी ६० दिवस होते. अशा वेळी यादीत आपल्या गावाचे नाव आहे का, आणि कोणत्या गटांबाबत आपले काय म्हणणे आहे, हे ग्रामसभेच्या ठरावासह लेखी पाठवणे हाच खरा सहभाग होय. मोर्च्यातील घोषणा मसुद्यात नोंदल्या जात नाहीत.

समजा, वारसा क्षेत्रात किंवा त्याला लागून सडा खरवडून बांधकाम सुरू झाले. पहिल्याच दिवशी तारीख आणि ठिकाण दाखवणारी छायाचित्रे घ्यावीत, पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा घ्यावीत, आणि वनपरिक्षेत्र अधिकारी, उपवनसंरक्षक व जिल्हाधिकारी यांना लेखी निवेदन देऊन पोच घ्यावी. वाजवी मुदतीत दखल घेतली गेली नाही, तर पॅरिस येथील युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राला पत्र लिहिता येते. कराराच्या कार्यान्वयन मार्गदर्शक तत्त्वांतील १७४ व्या परिच्छेदानुसार, सदस्य देशाखेरीज अन्य कोणाकडून माहिती आली, तर केंद्र शक्य तितक्या प्रमाणात तिची खातरजमा त्या देशाच्या सरकारकडे करते. याचा अर्थ युनेस्को बुलडोझर थांबवायला येत नाही. तो प्रश्न दिल्लीमार्गे लेखी स्वरूपात परत जिल्ह्यात येतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. हे बळ मर्यादित आहे, पण खरे आहे.

या पत्रात संताप लिहू नये. पश्चिम घाटाची नोंद ज्या नवव्या आणि दहाव्या निकषावर झाली, ते चालू असलेल्या परिसंस्थीय व उत्क्रांतीच्या प्रक्रिया आणि संकटग्रस्त प्रजातींचे अधिवास यांच्याशी संबंधित आहेत. आपल्या पत्राने या दोन निकषांशी नाते दाखवले पाहिजे: या डबक्यात वायतुरा होता, त्याची अमुक तारखेची नोंद नोंदवहीत आहे, आणि आज तेथे मुरूम भरलेला आहे. निसर्ग संवर्धन संघाने वारसा स्थळांच्या २०२० च्या आढाव्यात पश्चिम घाटाची स्थिती ‘लक्षणीय चिंता’ या वर्गात ठेवली होती. पुढील आढाव्यांसाठीही अशाच नेमक्या नोंदी उपयोगी पडतात.

लाभ आणि निधी

हिरडा, बेहडा, मध आणि औषधी मुळ्या डोंगरातून बाहेर जातात, परंतु त्यांच्या मूल्यातील फार थोडा भाग डोंगरात परत येतो. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या दिव्य फार्मसीच्या खटल्यात, नागोया प्रोटोकॉलचा आधार घेऊन, भारतीय कंपन्यांनाही लाभवाटप लागू असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट दिली, आणि माल लागवडीचाच आहे हे सांगणारे मूळस्थान प्रमाणपत्र समितीकडे सोपवले. जंगलातील माल लागवडीचा म्हणून दाखवला जाऊ नये, यासाठी प्रत्यक्ष शेत पाहिल्याशिवाय असे प्रमाणपत्र देऊ नये. या सहीची जबाबदारी फार मोठी आहे. समितीच्या नावे स्थानिक जैवविविधता निधीचे वेगळे बँक खाते असावे, नाहीतर मंजूर झालेला वाटाही गावापर्यंत पोहोचत नाही.

व्यापार जंगलाचा मित्रही होऊ शकतो, हे भीमाशंकर परिसराने दाखवले आहे. तेथील हिरडा-बेहड्याला, रानातील माल जंगल राखून गोळा केल्याचे फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, परदेशी खरेदीदार आले, आणि ज्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटी करतात ते जुने बेहडे तोडण्यापेक्षा राखणे संकलकांना परवडू लागले. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून घोषित झाले. पाटण-जावळीतील संकलकांनी या दोन्ही ठिकाणी जाऊन हिशेब कसा ठेवतात ते पाहावे.

परदेशी अनुदानाचा विचार सर्वांत शेवटी करावा. जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून स्थानिक संस्थांना मदत करतो. परंतु परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. त्यामुळे गावाने स्वतः हा खटाटोप करण्याऐवजी नोंदणी असलेल्या जबाबदार संस्थेशी लेखी करार करावा. त्यात गोळा झालेल्या माहितीची मालकी समितीकडे राहील, नोंदवहीची मूळ प्रत ग्रामपंचायतीबाहेर जाणार नाही, आणि प्रत्येक अहवालाची मराठी प्रत ग्रामसभेपुढे ठेवली जाईल, ही तीन कलमे असल्याशिवाय सही करू नये.